मामांचं अर्धं वाक्य

११ जून, मंगळवार

पाणी उतरलं. बोट काठापर्यंत येत नाही, शेवटची पन्नास पावलं चिखलातून. आज नऊ प्रवासी आले. त्यातली एक बाई मध्येच धपकन बसली आणि हसत ओरडली, "धरतीने मला मिठी मारली!" मामी काठावर मासे साफ करत होती. विचारलं, काय म्हणतेय ती? सांगितलं. "मिठी कसली, घसरली," मामी म्हणाली. "कपडे कोण धुणार ते विचार."

बाईने माझ्याकडे बघितलं— मामी काय म्हणाल्या? मी म्हणाले, "तुमचं स्वागत आहे म्हणाल्या."

दिवसाची सुरुवातच अशी.

१२ जून

यूस्टने आज तो कागद नव्याने छापून दिला. यूस्ट हॉलंडचा. परदेशी लोक बरे व्हायला येतात ते केंद्र त्याचं, वेलीचा काढा घेऊन आजाऱ्यावर गायची गाणी मामांची, आणि मधलं बोलणं माझं. मामा आमच्या भाषेत बोलतात, मी इंग्रजीत सांगते. आठ वर्षं झाली. लिमात कॉलेज केलं, सहा वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, आणि आता हे.

कागदावर दोन रकाने आहेत. मामा "करणी" म्हणाले तर मी "जुनी जखम" म्हणायचं. "ओकारी"ला "शुद्धी". "तुझ्या जावेने केलंय" असं मामा म्हणाले तर "नात्यात अडकलेली ऊर्जा". या वेळी एक ओळ वाढली आहे: "वेल"ला नुसतं वेल म्हणायचं नाही, "वेलमाता" म्हणायचं.

मामीला हे वाचून दाखवलं. "माता? गेल्या वर्षी तिने गावातल्या बेन्हामिनला सहा महिने अंथरुणात ठेवलं. पथ्य मोडलं म्हणून! अशी आई तुझ्या यूस्टला लखलाभ."

यूस्ट वाईट माणूस नाही, हे इथे लिहून ठेवते. तो म्हणतो, "एल्वी, लोक इतक्या लांबून शेजारणीचं नाव ऐकायला येत नाहीत." त्यातही तथ्य आहे. पहिल्या वर्षी मी सगळं जसंच्या तसं सांगायची. एका माणसाला मामा म्हणाले, तुझ्या धाकट्या भावाने केलंय. मी सांगितलं. आमच्याकडे असं निघालं की त्यावर उपाय असतो, चार माणसं बसतात, बोलणं होतं. तो घरी गेला आणि भावाचं तोंड बघायचं बंद केलं. पत्रात आभार मानले होते! तेव्हापासून कागदाप्रमाणे.

म्हणजे कागद यूस्टचा असला तरी वापरते मी. आणि माझ्या कारणाने.

१४ जून

काल रात्री गाणी झाली, आज सकाळी एकेकाला मामांनी बसवून घेतलं. नऊच्या नऊ जण काढा प्यायले होते. मामांना याची सवय झाली आहे, पण हसू अजून येतं. मी लहान असताना तापलेलं मूल आणायचे, तेव्हा काढा एकटे मामाच घ्यायचे. मुलावर गायचे. मूल झोपून जायचं. आजाऱ्याने प्यायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. मामा म्हणतात, "यांच्याकडे डॉक्टरच्या यंत्राला आजारीच डोळा लावतो वाटतं. आणि वर डॉक्टरला सांगतो काय दिसलं ते!"

चिखलात बसलेल्या बाईचं नाव सिग्रिड. नॉर्वेची. बावन्न वर्षांची, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. शाळेत शिक्षिका होती, म्हणून मला आधीपासूनच बरी वाटत होती.

मामांनी तिला चटईवर आडवी केली, पोट दाबलं, बराच वेळ. मग म्हणाले— हे मी अक्षरशः लिहिते आहे: "हिच्या पोटात डावीकडे खाली गाठ आहे. कासवाच्या अंड्याएवढी. कुणी केलेली नाही. केलेली असती तर मी ओढून काढली असती. ही डॉक्टरांची. पुकाल्पाच्या हॉस्पिटलात जा, फोटो काढून घे, कापून घे. उशीर करू नकोस म्हणावं."

मी म्हणाले, "मामा सांगतात, तुमच्या पोटात तुम्ही काहीतरी बाळगून आहात. बऱ्याच दिवसांपासून."

सुरुवात अशीच करायची मला सवय आहे. मऊ आधी, टणक मागून. पण ती एवढ्यावरच रडायला लागली. आणि आमच्यात कुणी रडत असलं की मध्ये बोलत नाहीत. रडणं पुरं होऊ देतात. मी थांबले. मामा थांबले. खूप वेळ रडली. मग म्हणाली, "मला माहीत होतं. मी जन्माला येऊ न दिलेलं मूल आहे ते." उठली, मामांच्या गळ्यात पडली. मामांनी पाठीवर थोपटलं. बरोबरच आहे— गाठ आहे म्हटल्यावर बाई रडणारच, असं त्यांना वाटलं. पुढचा माणूस येऊन चटईवर बसला.

बाकीचं वाक्य माझ्याकडेच राहिलं.

उद्या सांगेन.

१५ जून

नाही सांगितलं. ती इतकी आनंदात होती.

१७ जून

आठ जण गेले. सिग्रिड राहिली. तीन महिने पथ्य करणार म्हणाली— मीठ नाही, साखर नाही, एकटीची झोपडी. यूस्टने होकार दिला.

मामांनी विचारलं, "ती बाई गेली नाही?"

"थांबतेय म्हणते."

"तिची मर्जी." आणि वल्ह्याला तासणी मारायला लागले.

मामा एकदाच सांगतात. दुखण्याचं नाव दुसऱ्यांदा घेतलं की त्याला हाक मारल्यासारखं होतं, असं त्यांचे वडील मानायचे, तेही मानतात. त्यामुळे त्यांच्या बाजूने विषय संपला. तिला सांगून झालं, तिने ऐकलं नाही, मोठी बाई आहे.

तिच्या बाजूनेही संपला.

मधे मी एकटी.

१९ जून

पोट दुखतं म्हणाली. "पण चांगलं दुखतंय," म्हणाली.

२० जून

मामीच्या ओट्यावर दोन नवे प्रवासी कापड बघत होते. भरतकामातल्या रेषा म्हणजे गाण्यांची लिपी, असं कुठेतरी वाचून आले आहेत. एकाने विचारलं, हे कुठलं गाणं? मामीने रेषेवर बोट ठेवलं आणि गायली— केळी सोलताना म्हणते ते, नवरा मासे न घेता परत आला त्याचं गाणं. तो डोळे मिटून ऐकत होता. मला म्हणाला, हे हृदयाचं गाणं आहे ना? मामी मला आमच्या भाषेत, चेहरा अगदी गंभीर ठेवून: "हो म्हण गं. आणि ते मोठं कापड दाखव, त्यात रिकाम्या टोपलीचंही कडवं आहे."

हसले मी. मग जेवताना वाटलं, मामी निदान मजा करते आणि ते तिला माहीत असतं. मी करते ते काय?

आणखी एक गोष्ट कळायला मला आठ वर्षं लागली, ती लिहून ठेवते. यांच्याकडे दुखणं आतून येतं. बालपण, आई, न रडलेलं रडणं. आमच्याकडे बाहेरून येतं— शेजारी, नदी, झाड, कुणाचा डोळा. म्हणून मामा काहीही म्हणाले तरी हे लोक ते आत वळवतात. गाठसुद्धा! मी पूर्ण वाक्य सांगितलं असतं तर तेही तिने आतच वळवलं असतं, असं मी स्वतःला दोन दिवस सांगते आहे.

हे खरं असेलही. पण सांगून बघितलं नाही ना.

२२ जून

झोपडीवर गेले होते. ठरवून गेले होते. ती उकडलेलं केळं खात होती, बिनमिठाचं. बारीक झाली आहे. म्हणाली, "एल्वी, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला खरं सांगितलं."

परत आले.

२४ जून, सोमवार

सान हुआनचा सण. सकाळपासून पानात बांधलेल्या भाताचा वास. काठावर सगळं गाव. सिग्रिड लांबूनच बघत होती, पथ्यामुळे. मी तिच्याशेजारी जाऊन बसले, माझा भात घेऊन. ती हळूच म्हणाली, एक गंमत सांगते, कुणाला सांगू नकोस— रक्त जातंय. पाळी जाऊन चार वर्षं झाली. आज पाचवा दिवस.

"शरीर सोडून देतंय," म्हणाली. चेहरा असा उजळलेला!

 माझ्या भाताचं पान तसंच दुमडून ठेवलं.

तिथेच सांगायला हवं होतं. नाही जमलं. उद्या आधी मामांना सांगणार, म्हणजे मग मागे फिरता येणार नाही.

२५ जून

सांगितलं.

मामा घरामागे वल्हं घासत होते. फुटबॉलचा जुना सदरा, गुडघ्यावर फाटलेली विजार. आधी सिग्रिडचं सांगितलं. त्यांनी हात थांबवला नाही. मग कागदाचं सांगितलं. करणी, जखम, ऊर्जा, सगळं. आठ वर्षांचं. तेव्हा हात थांबला.

म्हणाले, "मग त्या सगळ्यांना मी काय बोललो?"

मी दोन-चार आठवून सांगितले. त्या इंजिनियरला तुम्ही म्हणालात, तुझा भागीदार तुझ्यावर जळतो, त्याच्या घरी जेवू नकोस. मी सांगितलं, स्वतःला क्षमा कर.

"क्षमा?"

"हो."

"आणि त्या दोन बहिणी आल्या होत्या, त्यांना?"

"त्यांनाही क्षमा."

"सगळ्यांना एकच औषध! म्हणजे पोरी, तू मला पाद्री करून ठेवलंस." हसले, पण नेहमीचं नाही. मामी दारातून म्हणाली, "तरीच म्हटलं इतके लोक जाताना मिठ्या का मारतात. खरं ऐकलं असतं तर निम्म्यांनी शिव्या घातल्या असत्या."

मी विचारलं, मामा, गाठ तुम्हाला वेलीने दाखवली का? हे मला माझ्यासाठीच हवं होतं.

"वेलीने कशाला? हाताला लागली. पन्नास वर्षं पोटं दाबतोय." पुढे म्हणाले, "वेलीला विचारलं होतं, ही कुणी केलेली आहे का? ती म्हणाली नाही. तिचं काम तेवढंच."

मग म्हणाले, "जा, पुरं सांगून ये. मी नाही येणार. माझं सांगून झालंय."

रागावले असते तर बरं झालं असतं.

२६ जून

सिग्रिडला सगळं सांगितलं. मामांचं वाक्य शब्द न् शब्द. मी अर्धंच सांगितलं होतं हेही, का ते पण. 

तिने शांतपणे ऐकलं. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला! म्हणाली, "एल्वी, ही तुझी भीती बोलतेय. तुम्हाला शाळेत डॉक्टर आणि हॉस्पिटल हेच खरं असं शिकवलंय. आम्हीच ते शिकवलं तुम्हाला, त्याचं मला वाईट वाटतं. पण मी आत बघितलंय."

मी म्हणाले, हे मी नाही म्हणत, मामा म्हणतात.

"त्यांनी मला मिठी मारली होती," ती म्हणाली. "त्या मिठीत कुठे हॉस्पिटल होतं?"

माझं खोटं तिला आमचं वाटलं आणि मामांचं खरं तिला गोऱ्यांचं वाटलं.  यूस्टकडे गेले. तो घाबरला हे कबूल केलं पाहिजे, लगेच तिच्याकडे गेला. तिने त्यालाही समजावून परत पाठवलं.

संध्याकाळी उभी राहताना तिने खांबाला धरलं. ओठ पांढरे.

२७ जून, गुरुवार

आज जे केलं ते लिहिते, सजवत नाही.

सकाळी मामांकडे गेले आणि पाया पडण्यापर्यंत आले. म्हटलं, तुम्ही चला. बोलू नका, नुसते चला. आणि तो झगा घाला.

तो झगा म्हणजे मामीने भरलेला लांब अंगरखा आणि पिसांचा मुकुट. गाण्याच्या वेळी यूस्टच्या आग्रहाने घालतात, एरवी कधीच नाही. मामा म्हणाले, "हॉस्पिटलात? पिसं लावून?" मी म्हणाले, तुमच्या फुटबॉलच्या सदऱ्यामागे ती येणार नाही.

त्यांनी खाली आपल्या सदऱ्याकडे बघितलं. मग आत गेले आणि घालून आले.

सिग्रिडला मी म्हणाले: आज पथ्यातला मोठा दिवस आहे. मामा तुम्हाला पाण्यापलीकडे नेणार. तिथे एका पांढऱ्या घरात पोटावर गार लेप लावतील, आत बघतील. प्रश्न विचारायचे नाहीत. मामा पूर्ण वेळ शेजारी असतील.

ती लगेच उठली.

अख्खं तळं पार होईपर्यंत मामांनी मुकुट एका हाताने धरून ठेवला. पुकाल्पाला रिक्षावाल्याने विचारलं, "काय आजोबा, नाचायला निघालात?" हॉस्पिटलच्या रांगेत पोरंटोरं पिसांना हात लावायची. एका बाईने फोटो काढला. मामांच्या ओळखीचा एक गावकरी भेटला, पायाला बँडेज बांधलेला. म्हणाला, "एवढे मोठे तुम्ही, आणि तुम्हीच इथे? मग आम्ही कुणाकडे जायचं?" मामा म्हणाले, "रांगेत ये. माझ्यामागे उभा राहा."

चार तास. एकदाही बसले नाहीत. ती त्यांचा अंगरखा धरून उभी होती.

सोनोग्राफी झाली. डाव्या बाजूला, पाच सेंटिमीटर. डॉक्टर तरुण होती, तिने मलाच सांगायला सांगितलं. दुभाषी मीच, म्हणून. मी सांगितलं. पडद्यावरचा फोटो दाखवून, आकडे, शब्द, सगळे. लिमाला आजच्या आज, हेही.

सिग्रिड मामांकडे बघत राहिली. मामांनी डोकं हलवलं, एकदा.

२८ जून

यूस्ट तिला विमानाने लिमाला घेऊन गेला. जाताना ती मला म्हणाली, "तू खोटं बोलून नेलंस." हो, म्हणाले. "बरं केलंस," म्हणाली.

बरं केलं का? खरं सांगितलं तेव्हा हलली नाही, खोट्याने बोटीत बसली. माझ्या खोट्याला आता एक यश मिळालं. याची मला भीती वाटते.

६ जुलै

ऑपरेशन झालं. गाठ वाईट होती, पण पसरली नव्हती. वेळेत, म्हणे. घरी जाऊन पुढचे उपचार घेणार.

मामांना सांगितलं. "छान," म्हणाले. मामी रडली. आम्ही तिचं रडणं पुरं होऊ दिलं.

९ जुलै

कागद फाडला. यूस्टसमोरच. तो म्हणाला, ठीक आहे, पण निदान सौम्य शब्दांत सांग. मी म्हणाले, मामा बोलतात तेवढ्या सौम्य शब्दांत सांगेन.

सोपं नाही. काल एका मुलाला सांगितलं, "मामा म्हणतात तुला काहीही झालेलं नाही, घरी जा आणि कामाला लाग." पैसे परत मागितले त्याने. मामा खूश होते. "आज मी बोललो," म्हणाले.

३० जुलै

सिग्रिडने लांबलचक पत्र लिहून इंटरनेटवर टाकलं आहे. यूस्टने मोठ्याने वाचून दाखवलं, डोळे पुसत. हजारोंनी वाचलं म्हणे.

मामांनी पहिल्याच दिवशी, यंत्राशिवाय, वेलीच्या दृष्टीने गाठ पाहिली. (हाताला लागली.) पवित्र वस्त्रं घालून ते तिला पाण्यापलीकडे घेऊन गेले. (ती पिसं मी घालायला लावली.) आणि दुभाषीबद्दल एक परिच्छेद आहे. त्यांच्या परंपरेत खरं लगेच सांगत नाहीत. माणूस ते पेलायला तयार होईपर्यंत राखून ठेवतात. ती लिहिते, मला आधी राग आला, मग समजलं की ते राखून ठेवणं हाच उपचाराचा अर्धा भाग होता.

तिला उत्तर लिहिलं. ती परंपरा नव्हती. ती माझी चूक होती, तुमचे दहा-बारा दिवस त्यात गेले, जीव गेला असता. कृपा करून हे पत्रात घाला.

३ ऑगस्ट

तिचं उत्तर आलं. "किती विनम्र आहेस तू!" माझं पत्रही तिने खाली जोडलं आहे, विनम्रतेचा नमुना म्हणून.

२० ऑगस्ट

आजच्या बोटीत आयर्लंडची एक बाई आली. डाव्या स्तनात गाठ, सात महिने झाले. ऑपरेशनची ठरलेली तारीख सोडून आली आहे, सिग्रिडचं पत्र वाचून. मामांनी हात लावला आणि लगेच काढला. म्हणाले, ही डॉक्टरांची, आजच परत जा, इथे एक रात्रही घालवू नकोस. मी शब्दही न बदलता सांगितलं. तिच्या डोळ्यांत बघून, दोनदा. तिने पूर्ण ऐकून घेतलं, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि हसली. "तुम्ही खरं लगेच सांगत नाही, ते वाचलंय मी," म्हणाली. "मी थांबते."